एका बाहीचा स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे, मित्रांनो. हसा, हसा! याची डावी बाही कुठे सांडली, असंच मनात आलं ना? सांडली नाही हो. सांगतो.

मला आजीनं विणलं, तिच्या गुटगुटीत मुलासाठी. त्याला सगळे ढब्बू म्हणत. लोकर पिवळीधमक आणि हात आजीचा, मग काय विचारता! मात्र तिची एक खोड होती. काहीही विणायचं ते वाढत्या अंगाचं. पहिल्या थंडीत मी ढब्बूच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतो. तरी लोक थांबून विचारायचे, "कुणी विणला हो?" आणि मी आणखीच फुगायचो. पुढे ढब्बू वाढला, मी तोकडा पडलो. मग पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षं काढली. कुणी हालहवाल विचारीना.

एक दिवस पेटी उघडली ती ढब्बूच्या बायकोनं. तिला दिवस गेले होते, पण डोळे रडून सुजलेले. तपासणीत कळलं होतं, की पोटातल्या बाळाची कवटी वरच्या बाजूनं बनलीच नाही, मेंदूही पुरता झालेला नाही. जन्मलं तरी काही तासांचीच सोबत. यात कुणाची चूक नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तरी आजीनं विचारलंच, "जड काही उचललं होतंस का गं?" त्या एका प्रश्नानं घरातलं बोलणंच आटलं.

"आई, मला बाळासाठी टोपी हवी," सून म्हणाली. "याच लोकरीची. डोकं झाकलेलं असलं, की मी चेहरा बघेन."

"बघूच नकोस!" आजी कडाडली. "जन्मभर डोळ्यांसमोरून हलणार नाही."

"न बघितलेला तरी कुठे हलणार आहे?"

सून स्वतःच कात्री घेऊन माझी बाही उसवायला बसली. विणकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आजीला ते बघवेना. "अगं, वाट लावशील त्याची! आण इकडे," म्हणत तिनं सुया घेतल्या. उसवताना मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण आजीचे हात मध्येच थांबायचे, ते बघून जास्त दुखलं.

लोकर कमी पडली तर असावी, म्हणून दवाखान्यात मीही आजीच्या पिशवीत होतो. मुलगी झाली. नर्सनं डोक्याला मऊ पट्टी गुंडाळली, वर टोपी चढवली, आणि टोपी थेट हनुवटीपर्यंत घसरली. चेहराच दिसेना. सून उशीवरून मान उंचावून बघत होती.

"आजी, फार मोठी झाली हो," नर्स हळूच म्हणाली.

"जळ्ळी मेली माझी सवय!" आजीला रडू फुटलं. "हिलासुद्धा वाढत्या अंगाची विणली गं मी!"

रडतच तिनं टोपीची कड अलगद दुमडली, मग आणखी दुमडली. चेहरा उघडा झाला. बघू नकोस म्हणणारीनंच तो आधी बघितला.

"अगं, नाक बघ हिचं! थेट ढब्बू!"

मुलीला आईच्या कुशीत ठेवलं. ढब्बू एका बोटानं ते नाक पुन्हा पुन्हा कुरवाळत होता. आजीनं सुनेच्या केसांवरून हात फिरवला. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. माझंच तोंड चुकलं."

दुपार कलायच्या आत ती गेली. टोपी तिच्याबरोबरच गेली.

आता मी कपाटात वरच्या कप्प्यात असतो. परवा शेजारीण म्हणाली, "दुसरी बाही विणून लावा की!" आजी म्हणाली, "नको. ती नातीकडे आहे."

मित्रांनो, जुने कपडे जपा, असं सांगायचं ठरवून बसलो होतो. पण त्याआधी एक ऐका. कुणाच्या घरी असं बाळ येऊन गेलं, तर तू काय उचललंस, काय खाल्लंस, असं त्याच्या आईला विचारू नका. नाक कुणावर गेलं होतं, ते विचारा. आमच्या घरात ते कुणी विचारेल, याची सगळे अजून वाट बघतात.