आरसेवाले आणि कॅमवरचा डाग

खिशातली पॉलिशची डबी. शेजारपाजारची पातेली, तळात तोंड दिसेल इतकी लख्ख. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकं जाड काहीतरी. इंजिनाच्या झडपा दाबणारा लंबगोल पोलादी कॅम. आणि प्रयोगशाळेच्या दारात आ वासून उभी राहिलेली मुलगी.

“बाबा, हे काय केलंत?”

आरसेवाल्यांनी कॅम उजेडात धरला. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस; गल्लीने नाव ठेवलं ते काही उगाच नाही.

“पाहुणे यायचेत आणि टेबलावर हे कळकट! निळा-तपकिरी डाग होता टोकाला. काढला घासून. बघ, यात बघून दाढी करता येईल.”

मुलगी मटकन स्टुलावर बसली. इंजिनाच्या तेलात घालायचं रसायन तिने कित्येक वर्षं खपून बनवलं होतं. ते घ्यायचं की नाही, हे तेल कंपनीच्या परीक्षक बाई आज ठरवणार होत्या.

“अहो, तो डाग म्हणजेच माझं काम! धातूवर धातू घासला की दाब येतो, ताप येतो. त्या तापात तेलातलं रसायन फुटतं आणि नेमका तिथेच, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका, काचेसारखा थर धरतो. मग झिजायचं ते थराने. पोलाद शाबूत.”

आरसेवाल्यांची डबी खिशात जाईना, हातात राहीना.

परीक्षक बाई आल्या. “डाग कुठाय?”

“वडिलांनी घासला,” मुलगी म्हणाली आणि तोच कॅम तिने यंत्रात बसवला. “आता तुमच्यासमोर परत धरेल.”

रसायन घातलेलं तेल तापलं. यंत्र घरघरू लागलं. चहा गार झाला, जेवणवेळ टळली. आरसेवाले जागचे हलले नाहीत.

कॅम बाहेर आला. यंत्रात जिथे धातूवर धातू घासला होता तिथेच निळसर-तपकिरी झाक, बाकी सगळा कोरा चकचकीत. बाईंनी ओल्या फडक्याने खसाखसा चोळला. डाग ढिम्म.

“पक्का आहे. घेतलं तुमचं रसायन.”

“पक्का असणारच!” आरसेवाल्यांची छाती फुगली. “जमीन कुणी तयार करून दिली?”

“बाबा, आधी ती डबी आत ठेवा.”

त्यांनी ठेवली. मग कॅमकडे गेलेला बाईंचा हात अडवून म्हणाले, “जपून हं. डाग माझ्या मुलीचा आहे.”

कपाटात मुलीने ठेवलेला दुसरा, न घासलेला, डाग असलेला कॅम सकाळपासून तयार होता; तो तिने बाहेर काढलाच नाही.