आवळलेली टेप

लेकीची छाती मोजताना आई टेप अशी काही आवळायची की लेकीचा श्वासच अडकावा. वर म्हणायची, "बघ, अडतीसच! मिडियम मागव." लेक विजेच्या खांबांवर चढणारी, खांदे रुंद, दंड भरलेले. पण मुलीचं माप दोन इंच कमी सांगणं ही आईच्या लेखी मायाच होती.

या मायेपायी लेकीची नोकरी कायम व्हायची राहिली. खांबावर चढायच्या चाचणीला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट सक्तीचा. ऑनलाइन मागवलेला मिडियम खांबाच्या मध्यावर पाठीत असा आवळला की हात डोक्याच्या वर जाईना. खालून साहेबांनी शेरा मारला, "हिला नाही जमायचं." तिच्या अंगाची लाही लाही झाली. आता दुसरी चाचणी होती, तीच शेवटची.

या खेपेला आई टेप घेऊन आली तशी लेकीनं ती काढूनच घेतली. भावाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट तिनं टेबलावर पसरला. हात मोकळे राहावेत म्हणून ती कामावर तोच घालायची. बटणं लावली, सुरकुत्या काढल्या आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं. बावीस. दुप्पट चव्वेचाळीस. मग फोनवरचा तक्ता नीट वाचला. त्यात अंगाचं माप वेगळं, शर्टाचं वेगळं दिलेलं.

"आई, आपण अंगाचा आकडा शर्टाच्या रकान्यात शोधत होतो. तोही तू आवळलेला!"

चव्वेचाळीसच्या पुढे लिहिलं होतं, पुरुषांचा, एक्सएल.

"अगं बाई, पुरुषांचा? लोक नावं ठेवतील!"

"ठेवू देत. खांबावर लोक चढणार आहेत की मी?"

आईचं तोंड एवढंसं झालं. "निदान साइज तरी कुणाला सांगू नकोस."

चाचणीच्या दिवशी आई कुंपणापाशी जीव मुठीत धरून उभी राहिली. लेक सरसर वर गेली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन तार बांधली आणि खाली आली. त्याच साहेबांनी तोंड वाकडं करत सही केली.

गणवेशाची नोंद घेणाऱ्या कारकुनानं आवाज खाली आणला. "ताई, शर्ट मिडियम लिहू ना?"

"एक्सएल," ती खणखणीत म्हणाली. "पुरुषांचा."

कारकून तिच्याकडे बघतच राहिला. सगळं मैदान वळून बघू लागलं.

"लिहा की!" कुंपणापलीकडून आई ओरडली. "एकदा सांगितलेलं कळत नाही का?"