पेवात सोडायचा कंदील

मी एक जुना कंदील आहे. मित्रांनो, इतर घरांत कंदिलाला उजेडासाठी तेल घालत; मला मात्र विझण्यासाठी पाळले होते.

आमच्या भागाचे नाव निघाले की लोक गहू, मका आणि लसूण एवढेच सांगतात. लसूण आढ्याला टांगतात, मका कणगीत भरतात. गहू जातो पेवात. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, आतून लिंपलेले कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट खोलीएवढे. गहू तिथे वर्षभर टिकतो. पण धान्य कोंडले आणि त्याला ओल लागली, की आतली हवा मरते. तिला रंग नसतो, आणि ती कोणाला सांगून मारत नाही.

म्हणून या घराची एक रीत होती. पेव उघडायचे, दिवसभर तसेच ठेवायचे, मग मला पेटवून दोरीने तळापर्यंत सोडायचे. मी जळत राहिलो तर माणूस उतरायचा. विझलो तर कोणीही नाही, मग तो घरचा मालक का असेना. पत्र्याच्या कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने घडले होते. पण घरच्या थोरल्या बाईंनी दुकानात एकेकाची वात पेटवून पाहिली, आणि जरा कोंडताच मान टाकणारा मीच निवडला.

"बाई, हा नाजूक आहे," दुकानदार म्हणाला.

"मला घाबरटच हवाय," त्या म्हणाल्या.

पुढे कितीदा तरी मी विझलो. दर वेळी बाई माझी काच पुसत म्हणायच्या, "शहाणा आहेस." शाबासकी मिळाल्यावर कोण फुलत नाही? मीही फुललो.

मग बाईंच्या मुलाने बॅटरी आणली. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण अंगाने तो नुसती काडी होता. बॅटरीच्या झोतात तळाचा दाणा न् दाणा दिसे. माझी रवानगी गोठ्यातल्या खिळ्यावर झाली आणि माझ्या काचेत कोळ्याने संसार थाटला. मला वाईट वाटलेच, पण त्याहून जास्त भीती वाटली. बॅटरीला श्वास लागत नाही.

यंदा कडेच्या पेवात पाणी मुरले. झाकण काढताच आंबूस वास गोठ्यापर्यंत आला. बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि दारात व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबला होता. पैलवानाने बॅटरी दोरीला बांधून खाली सोडली.

"बघ, कसं लख्ख दिसतंय," तो बायकोला म्हणाला.

"सासूबाई उद्या येतायत. थांबा की एक दिवस."

"आईचा जीव त्या डबड्यात अडकलाय. आणि तू तिचीच सून."

तो शिडीने उतरला. आतून "दाणा भिजलाय गं" एवढे ऐकू आले. नंतर काहीच नाही. ती हाका मारत राहिली. मग तिने शिडीवर पाय ठेवला, क्षणभर थबकली, आणि धावत गोठ्यात येऊन मला खिळ्यावरून ओढले. काड्या मोडत मोडत तिने मला पेटवले आणि खाली सोडले. पेवाच्या गळ्याशीच माझी ज्योत बुटकी झाली आणि गेली. ती मागे सरकली. तिची दोन लहान पोरे अंगणात उभी होती. खाली बॅटरी तशीच लख्ख पेटलेली होती, आणि तिच्या उजेडात पैलवान गव्हावर पालथा पडलेला दिसत होता.

त्याला बाहेर काढले तेव्हा फार उशीर झाला होता. लोक म्हणाले, काळजाने दगा दिला असेल. सून सांगत राहिली, हवा मेली होती, कंदील विझला होता. दुःखात काहीबाही बोलते आहे, असे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. बाई आल्या, मला पोटाशी धरून रात्रभर बसल्या.

आता मी ओट्यावर असतो. इथून शेजारचे अंगण दिसते. त्यांचेही पेव यंदा भिजले आहे. उद्या सकाळी ते उघडणार आहेत, आणि त्यांच्या खिडकीत नवी कोरी बॅटरी ठेवलेली आहे. मित्रांनो, मला विझता येते, बोलता येत नाही. तुम्हाला येते. कोणीतरी जा आणि त्यांना सांगा.