मान्य, पण

बाबांनी दादाच्या थोबाडीत पहिली मारली तेव्हा मी इंग्रजीचा गृहपाठ करत होते. बाबांचा सुतारकामाचा कारखाना पुढे, आमचं घर मागे, मधे एक दार. ते दार त्यांनी दादाच्या पाठीनेच उघडलं.

"गेला होतास की नाही त्याच्याकडे?"

"नाही," दादा म्हणाला. नाकातलं रक्त शर्टावर गळत होतं.

'तो' म्हणजे पलीकडच्या गल्लीतला फर्निचरवाला. बाबांचं त्याच्याशी उभ्या जन्मात पटलं नव्हतं. दादा त्याच्या दुकानात दिसला, हे आमच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्याने बाबांच्या कानावर घातलं होतं. मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाबांनी दादाला भिंतीवर आपटलं. आई मधे पडली, तर तिला असं ढकललं की तिचं तोंड ओट्यावर आदळलं.

माझं डोकं फिरलं. ते बाबांवरच गेलंय, असं सगळे म्हणतात. तरी मी ओरडले नाही. त्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी वादाचे शब्द शिकवले होते: दावा, पुरावा, खंडन. खंडनाआधी समोरच्याचं जेवढं खरं असेल तेवढं मान्य करायचं, म्हणजे तो आपलं ऐकतो, असं बाई म्हणाल्या होत्या. वर्गात मला ते झकास जमायचं.

"मान्य, बाबा," मी उठून म्हणाले, "दादा तिथे गेला होता. पण..."

पुढचं ऐकायला बाबा थांबलेच नाहीत. त्यांनी दादाचा उजवा पंजा टेबलावर दाबला, कमरेची हातोडी काढली आणि हाणली. पुन्हा हाणली. दुसऱ्या वेळी सुकी फळी मोडल्यासारखा आवाज आला. दादा तिथेच खाली बसला. याच हाताने तो रंधा मारायचा.

बाबा धापा टाकत माझ्याकडे वळले. "हं, बोल. पण काय?"

"फर्निचरवाल्याने त्याला कामाला बोलावलं होतं. तो नकार द्यायला गेला होता. बाबांना सोडून येणार नाही, असं सांगून आला. दुपारीच बोलला माझ्याशी."

बाबांचा चेहरा पडला. ते दादाच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. तुझ्यामुळे झालं हे."

आणि क्षणभर मला ते पटलं, याची अजून चीड येते. मग बाईंचा आणखी एक शब्द आठवला: गृहीत. कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळा वाद त्यावर उभा असतो. परीक्षेत मला ते कधी सापडायचं नाही. दादा खरंच त्या माणसाला सामील झाला असेल तर त्याला मारणं बरोबर, हे बाबांनी धरलं होतं. मीही तेच धरून बोलले होते.

"तो उद्यापासून तिथे कामाला जाणार असता, तरी तुम्ही त्याला मारायचं नव्हतं," मी म्हणाले.

बाबांनी हातोडी उगारली. मी जागची हलले नाही.

"तिचं बरोबर आहे," मागून आई म्हणाली. तिचा ओठ फाटला होता. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हातोडी हळूहळू खाली आली. दादाला दोन्हीकडून धरून आम्ही बाबांच्या समोरून बाहेर पडलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"हात मशीनमध्ये सापडला," दादा म्हणाला.

"नाही," आई म्हणाली. "बापाने हातोडीने मोडला. तसंच लिहा."