हिरव्या मोज्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी मोजा आहे. जुना, हिरवा आणि आता पुरता वैतागलेला. माझा जोडीदार कुठे हरवला कोण जाणे. मी एकटा उरलो, तेव्हा एका शिकाऊ शिक्षिकेने मला उचललं, बटणांचे डोळे लावले, आत लाल कापडाचं तोंड शिवलं. तेव्हापासून मी इंग्रजी शिकवतो.

अध्यापक विद्यालयात सराव पाठाला शैक्षणिक साधन लागतंच. ते बनवायला वेळ आहे कोणाला? मग जाणारे विद्यार्थी आपली साधनं येणाऱ्यांच्या गळ्यात घालून मोकळे होतात. असा मी किती हातांवर चढलो, मोजदाद नाही. कोणी मला बेडूक केलं, कोणी मगर. एका महाभागाने तर कागदाची पानं चिकटवून माझा कोबी केला! पाठ झाला की शाबासकी त्यांना, आणि मी पिशवीच्या तळाशी खडूच्या चुऱ्यात. धुवायचं नाव कोणी काढलं नाही. एका मोज्याने सोसावं तरी किती?

पण सगळ्यांवर ताण म्हणजे आमची घाईताई. हे नाव तिच्या मैत्रिणींनी ठेवलेलं, आणि अगदी योग्य ठेवलेलं. ती माझ्या तोंडून इंग्रजीत प्रश्न विचारायची आणि पोरं विचार करू लागायच्या आत माझ्याच तोंडून उत्तर देऊन टाकायची. "व्हॉट कलर ॲम आय? ग्रीन! व्हेरी गुड!" अगं, व्हेरी गुड कोणाला? मलाच! पोरं आपली टकमक बघत बसायची. आणि माझ्या पोटातला तिचा हात घामाने चिंब झालेला असायचा. तिला शांततेची भीती वाटायची. वर्ग जरा गप्प झाला की आपल्याला शिकवता येत नाही, असंच ती धरून चालायची. मला सगळं कळत होतं, पण माझं तोंड तिच्या बोटांत. बोलणार काय, कपाळ!

मार्गदर्शक सर मागच्या बाकावर बसून पाठ बघायचे. शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला.

"आज मुलांनी काय केलं?"

"सर, मी चित्रं दाखवली, मी गाणं म्हटलं, मी..."

"तुमचं नाही विचारलं. मुलांनी काय केलं?"

"मुलांनी... ऐकलं, सर."

सरांनी नापास केलं. पुढच्या पाठालाही तेच रडगाणं. आता एकच पाठ उरला होता. तोही गेला तर वर्ष वाया, आणि घरचे आणखी एक वर्ष शिकू देतील याची तिलाच खात्री नव्हती.

आदल्या संध्याकाळी घरी तिने सरावासाठी आपल्या मावशीला विद्यार्थिनी म्हणून समोर बसवलं. मावशी तोंड उघडते न उघडते तोच मी बोलून मोकळा. असं दोन-तीनदा झाल्यावर मावशीने उठून माझा जबडाच धरला.

"अगं, मला येतंय उत्तर! हा मेला बोलू देईल तर ना!"

"तू किती वेळ लावतेस, मावशी!"

"मग? विचार नको करायला? तुझ्यासारखं पाठ थोडंच केलंय मी!"

घाईताई चिडली, मला टेबलावर आपटून आत गेली. राग मावशीचा, मार मला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला, सर मागे बसले. घाईताईने माझ्याकडून विचारलं, "व्हॉट इज इन युअर बॅग?" वर्ग गप्प. तिची बोटं हलली, माझं तोंड उघडू लागलं. म्हटलं, झालं, वर्ष गेलं हिचं! एवढ्यात तिने अंगठा आवळला आणि माझं तोंड घट्ट मिटलं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अरे, बोला रे कोणीतरी, मी मनात ओरडत होतो.

खिडकीजवळच्या मुलीने दप्तरात डोकावून पाहिलं. "वन... शू," ती अडखळत म्हणाली.

वर्ग हसला. "व्हाय वन?" मागच्या एका मुलाने विचारलं. चक्क इंग्रजीत!

"माय ब्रदर... थ्रो. ऑन रूफ."

"व्हाय?"

"आय ईट हिज चॉकलेट."

मग काय, भराभर दप्तरं उघडली. जो तो दाखवतोय, विचारतोय. व्याकरणाचे पार बारा वाजले होते. चुका सुधारायला घाईताईचा अंगठा सारखा सैल व्हायचा आणि ती तो पुन्हा आवळायची. घंटा झाली तेव्हा निम्मा पाठ राहिला होता. तिने आणलेली चित्रं गुंडाळीतून बाहेरसुद्धा आली नव्हती.

"पाठ अर्धा राहिला," सर म्हणाले.

"हो, सर." तिचा चेहरा उतरला.

"मुलांनी काय केलं?"

तिने सांगायला सुरुवात केली. बूट, भाऊ, छप्पर, चॉकलेट, मागचा मुलगा, मोडक्या छत्रीवरून इंग्रजीत भांडणारे दोघं. ती सावकाश सांगत राहिली आणि त्यात 'मी' एकदाही आला नाही.

"राहिलेल्या भागाचे गुण कापलेत," सर म्हणाले. "काठावर पास आहात."

ती रडली. आणि मित्रांनो, तिने मला डोळ्यांना लावलं, मग नाकालाही लावलं! मला आनंद झाला होता, म्हणून तेही सोसलं.

तर माझं मागणं फार मोठं नाही. आम्हा साधनांना वर्षातून एकदा तरी धुवा. आणि मुलांना प्रश्न विचारलात, तर कृपा करून उत्तराची वाट बघा. मोजा हिरवा आहे, हे सगळ्या वर्गाला दिसतंच. पण एखादी मुलगी दप्तरात एकच बूट घेऊन शाळेत का आली, हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.