थंडोबाला आधी चंद्र दाखवा

मित्रांनो, मी एक जुने, आता कोमट पडलेले यंत्र आहे. कागदोपत्री माझे नाव अवरक्त वर्णपटमापक. दुर्बिणीतून येणारे, माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे किरण मी सुटे करून मांडतो. टेकडीवरच्या वेधशाळेत मात्र मला सगळे ‘थंडोबा’ म्हणत, कारण पुरते गारठल्याशिवाय मला दिसतच नसे. स्वतःच्याच उबेने माझा डोळा दिपून जाई.

म्हणून आमच्या तंत्रज्ञ अक्का रोज सकाळी जाड हातमोजे घालून माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन ओतत. पांढरी वाफ भसाभस जमिनीवर उतरे. “घे बाबा. तुझं झालं, आता माझा चहा,” असे म्हणून त्या झाकण घट्ट लावत. एकदाच त्या आजारी आईजवळ गेल्या होत्या, तेव्हा बदलीवरच्या माणसाकडून झाकण सैल राहिले. आत दमट हवा शिरली आणि माझ्या डोळ्यातल्या हजारो बारीक कप्प्यांपैकी तीन कायमचे आंधळे झाले.

पुढे नवे यंत्र आले. मी कोपऱ्यात धूळ खात बसलो. मग एक संशोधक मुलगी आली. तिला शेजारच्या लाल ग्रहाच्या हवेतले पाणी मोजायचे होते. पाणी दोन प्रकारचे असते, साधे आणि किंचित जड. साधे पाणी हळूहळू अवकाशात उडून जाते, जड बरेचसे मागे राहते. मागे राहिलेले जड पाणी मोजले की किती पाणी गेले, हे कळते. त्याचे किरण नव्या यंत्राला दिसत नव्हते, मला दिसत होते!

अवरक्त किरण दिवसाउजेडीही टिपता येतात, म्हणून दुर्बिणीवर तिला पाच सकाळी मिळाल्या. तेवढ्यावर तिचा प्रबंध अडला होता. तीन सकाळी ढगांनी खाल्ल्या. चौथ्या दिवशी आकडा आला. जड पाण्याचे प्रमाण आपल्या पृथ्वीपेक्षा तीसपट! तिच्या मार्गदर्शक सरांनी तिची पाठ थोपटली, माझीही. मी फुशारलो.

अक्कांनी मात्र विचारले, “बाळ, याला चंद्र दाखवलास का?”

“वेळ कुठे होता, अक्का? आणि चंद्र तर कोरडा ठणठणीत. तिथे काय दिसणार?”

“काही दिसता कामा नये. म्हणूनच दाखवायचा.”

पाचव्या सकाळी, उन्हात फिकटलेल्या चंद्राकडे दुर्बीण वळली. जड पाण्याची खूण जिथे दिसली होती, नेमकी तिथेच चंद्रातही दिसली. ती खूण पाण्याची नव्हतीच. ते माझे तीन आंधळे कप्पे होते.

मुलगी पायरीवर मटकन बसली. “संपलं सगळं.”

“संपलं कसं? दोन तास आहेत अजून. ऊठ! याचं दुखणं मला ठाऊक आहे. किरणांच्या रेषा जरा डावीकडे सरकव, धडधाकट कप्प्यांवर पडू देत.”

तिने रेषा सरकवल्या, पुन्हा चंद्र पाहिला. खूण नाहीशी झाली. मग ग्रहाकडे वळली. वेळ संपायला नऊ मिनिटे असताना आकडा आला. सहापट.

“तीसपट ऐकायला बरं वाटत होतं,” मुलगी डोळे पुसत हसली.

“वाटणारच. पण त्यातलं बरंचसं या थंडोबाचं होतं!”

मित्रांनो, त्या दिवशी माझा दोष चारचौघांत उघडा पडला आणि मला हलके वाटले. मला गार ठेवणारे हात लाभले, माझे उणे जाणणारे मनही लाभले. याहून अधिक काय मागावे? तुमच्या हाती येणाऱ्या जुन्या वस्तू अशाच जिवापाड सांभाळा. त्यांचे दुखणे लपवू नका, पुढच्याला सांगून ठेवा.

आता मी वेधशाळेच्या दालनात काचेमागे आहे. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे आणि पाटीखाली अक्कांच्या अक्षरात एक चिठ्ठी: “तीन कप्पे बंद आहेत. बाकी गुणाचा आहे.”