देवीची पाठ

भागवतांनी हात मूर्तीच्या मानेमागे नेला आणि तिथेच थांबवला.

"हात लावला तर चालतंय ना, मॅडम?" प्रियंकाने वडिलांच्या वतीने विचारलं.

"चालेल. जरा जपून, प्लास्टर आहे," तिथे मूर्तिशास्त्र शिकवणाऱ्या ज्योती मॅडम म्हणाल्या.

विद्यापीठाच्या त्या लांबट खोलीत जुन्या शिल्पांच्या पांढऱ्या प्रतिकृती धूळ खात उभ्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी डोंगरकड्याजवळच्या भागवतांच्या गावात येऊन विद्यापीठाच्या लोकांनी या देवीचा साचा घेतला, तेव्हा प्लास्टर कालवायला पाणी आणून देणारे भागवतच होते. नंतर तेच देवीचे पुजारी झाले.

दगडाची मूळ मूर्ती नऊ वर्षांपूर्वी चोरीला गेली. देवळाची किल्ली भागवतांकडे असायची. पोलिसांनी त्यांना दोन दिवस ठाण्यात बसवून घेतलं आणि सोडलं. गावाने मात्र सोडलं नाही. प्रियंकाचं जमलेलं लग्न त्याच वर्षी मोडलं.

आता तशीच एक मूर्ती सापडली होती. मागच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात तिला पाहून गावकऱ्यांनी जयजयकार केला. इतकी वर्षं भागवतांना देवळाची पायरी चढू न देणाऱ्या सोनाजी पाटलांनीच त्यांच्या गळ्यात हार घातला. उंची जुळली, समोरून काढलेले फोटो जुळले. मूर्ती तीच आहे, अशा कागदावर मॅडमची आणि तेव्हाच्या पुजाऱ्याची सही तेवढी राहिली होती.

भागवतांची बोटं प्लास्टरच्या वेणीवरून खाली सरकत गेली. पाचवी गाठ अर्धी तुटलेली. रोज तेल लावताना इथेच बोट अडायचं. ठाण्यातही त्यांनी मूर्तीमागे हात घातला होता. पाठ गुळगुळीत लागली होती. गर्दीत आपला हात नीट पोचला नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"काय झालं, बाबा?"

"हिला गाठी हायत."

प्रियंकाला कळलं. तिने कागद त्यांच्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, "सही करा. मागून कोन बघून राहिलं?"

भागवतांनी तिच्याकडे पाहिलं. कानाजवळचे तिचे दोन-चार केस पिकले होते. त्यांनी कागद घेतला, पण पेन घेतलं नाही.

"मॅडम, ठाण्यातली मूर्ती आमची न्हाई."

"नक्की?"

"व्हय. तिची पाठ कोरी हाय. दुसऱ्या कुठल्या तरी गावची असंल ती. तिथंबी कुनावर तरी आळ घेऊन राहिले असतील लोक."

प्रियंका खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि वळून विचारलं,

"मॅडम, ती कोन्त्या गावची, हे शोधता येतंय का?"